डोळ्यात बॅटरी मारून स्मृतिभ्रंश कळतो का?

गेल्या गणपतीत आमच्या देवगडच्या घरी रात्रीची आरती आटोपली, प्रसाद वाटून झाला आणि काकांच्या नातवाने मोबाइलची बॅटरी पेटवून थेट त्यांच्या डोळ्यासमोर धरली. काका दचकलेच.

"ह्या काय रे? डोळ्यात उजेड कित्याक मारतंस?"

"आबा, हलू नका. बाहुली किती बारीक होते ते बघतोय."

झालं होतं असं, की मुंबईहून गाडी किती वाजता सुटली हे काकांनी दुपारपासून तीनदा विचारलं होतं. आणि नातवाच्या मोबाइलवर त्याच आठवड्यात एक मेसेज फिरत आला होता. डोळ्याची बाहुली उजेडाला कशी हलते त्यावरून स्मृतिभ्रंश कितीतरी वर्षं आधी ओळखता येतो, अशा अर्थाचा. वर्षभर लांब राहणाऱ्या चाकरमान्यांना म्हाताऱ्यांचा विसराळूपणा गणपतीच्या आठ-दहा दिवसांतच दिसतो, आणि त्यातूनच अशी घाई होते. त्या रात्री ओटीवर बराच वाद झाला. "विज्ञानाने सिद्ध केलंय" असं एक बाजू म्हणत होती, "सगळी थापाथापी" असं दुसरी. दोन्ही बाजूंचं चुकत होतं. ते कसं, ते सांगतो.

आधी दोन शब्द

स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, हे एका आजाराचं नाव नाही. आठवण, भाषा, हिशोब, वाटा ओळखणं, निर्णय घेणं यांतलं काही ना काही हळूहळू ढासळत जातं आणि माणसाचे रोजचे व्यवहार अडू लागतात, त्या अवस्थेला हे नाव आहे. तिची कारणं अनेक. सगळ्यांत जास्त आढळणारं कारण म्हणजे अल्झायमरचा आजार. मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबल्यानेही स्मृतिभ्रंश होतो, इतर काही आजारांतही होतो.

दुसरा शब्द बाहुली. डोळ्याच्या मधोमध जो काळा ठिपका दिसतो ते खरं तर भोक आहे. भोवतीचा तपकिरी किंवा घारा पडदा म्हणजे बुबुळ. उजेड जास्त झाला की भोक लहान होतं, अंधारात मोठं होतं. साधारण दोन ते आठ मिलिमीटर एवढीच त्याची धाव.

बाहुलीला मेंदूची खबर कशी?

बुबुळात दोन स्नायू असतात. एक बाहुलीभोवती गोल फिरलेला, पानाच्या चंचीला नाडी असते तसा. नाडी ओढली की तोंड आवळतं. दुसरा छत्रीच्या काड्यांसारखा बाहेरच्या दिशेला पसरलेला. तो ताणला की भोक उघडतं. आवळणाऱ्या स्नायूला मेंदूचा निरोप ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून पोचतो, उघडणाऱ्याला वेगळ्या रसायनातून.

उजेड पडला की डोळ्याच्या आतल्या पडद्यावरून संदेश निघतो, मेंदूच्या देठाशी असलेल्या एका ठाण्यावर जातो आणि तिथूनच परत फिरून नाडी ओढतो. हे सगळं सेकंदाच्या पाचव्या हिश्शात सुरू होतं. या फेरीत आठवणी साठवणारा मेंदूचा भाग कुठेच लागत नाही. घाटावर जाणारी एसटी देवबागेच्या संगमावरून जात नाही, तसंच. मग बाहुलीवरून आठवणींचं आरोग्य कळेल, असं शास्त्रज्ञांना वाटलं तरी का?

कारणं दोन. अल्झायमरमध्ये मेंदूतलं ॲसिटिलकोलीन कमी पडतं. या आजारात दिलं जाणारं डोनेपेझिल हे औषधसुद्धा आहे तेवढं ॲसिटिलकोलीन टिकवून धरण्याचंच काम करतं. रसायन तेच, मग तुटवडा डोळ्यातही दिसेल, हा पहिला तर्क. दुसरं कारण जास्त रंजक आहे. मेंदूच्या देठात निळसर रंगाचा एक चिमुकला पेशीपुंज असतो. आपण मन लावून काही करतो तेव्हा तो जागा होतो आणि बाहुली किंचित मोठी होते. पाढे म्हणताना, नंबर आठवताना, कुणाचाही डोळा नीट पाहिलात तर हे घडताना सापडेल. अल्झायमरशी जोडलेलं टाऊ नावाचं प्रथिन ज्या जागी फार लवकर साठायला लागतं, त्यांत हा निळा ठिपका आहे.

म्हणजे तर्क पोकळ नाही. पण तर्क बरोबर असला म्हणजे तपासणी बरोबर, असं होत नाही. यातली मेख १९९४ नंतर चांगलीच कळली.

१९९४ चा थेंब

मोतीबिंदूच्या शिबिरात गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे: डोळ्यात थेंब घालतात, बाकावर बसवून ठेवतात, अर्ध्या तासाने सगळं धूसर आणि झगझगीत दिसू लागतं. बाहुली मोठी करणाऱ्या अशा थेंबांत ट्रॉपिकामाइड नावाचं औषध असतं. ते ॲसिटिलकोलीनची वाट अडवतं, नाडी सैल पडते, भोक उघडतं.

हार्वर्डच्या लिओनार्ड सिंटो, हंटिंग्टन पॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच थेंब नेहमीच्या एक टक्का द्रावणाच्या शंभराव्या हिश्शाइतका पातळ केला. डाउन सिंड्रोम हा जन्मजात विकार असलेल्या लोकांच्या बाहुल्या या औषधाने जास्त उघडतात हे आधीच माहीत होतं, आणि अशा लोकांना पुढे अल्झायमर होण्याचं प्रमाणही मोठं असतं. यांनी धागा जोडला. पातळ थेंबाने निरोगी म्हाताऱ्यांची बाहुली जेमतेम हलावी आणि अल्झायमरच्या रुग्णांची चांगली उघडावी, अशी अपेक्षा होती. पन्नास-साठ लोकांवर केलेल्या प्रयोगात जवळपास तसंच झालं. 'सायन्स' या नियतकालिकात निबंध आला आणि जगभर बातम्या झाल्या.

मग इतरांनी तोच प्रयोग आपापल्या दवाखान्यांत करून पाहिला, आणि गाडी चिखलात रुतली. काहींना थोडा फरक दिसला, अनेकांना काहीच दिसला नाही. मुख्य म्हणजे निरोगी माणसांचे आकडे आणि रुग्णांचे आकडे एकमेकांत इतके मिसळले, की एका माणसाच्या बाहुलीकडे बघून 'तू या बाजूचा' असं म्हणता येईना. डोळ्याच्या बाहेरच्या पारदर्शक थरातून औषध किती आत झिरपतं, यातच माणसामाणसांत फरक पडतो. बुबुळाच्या रंगाने तर आणखी फरक पडतो. गडद बुबुळातला रंग औषध धरून ठेवतो, त्यामुळे थेंब हळू चढतो. आमच्या कोकणात एका आळीत घारे डोळे आणि शेजारच्या आळीत काळेभोर. तिथे एकच रेघ ओढायची म्हणजे भांडणच. आज हा थेंब अल्झायमरच्या निदानासाठी वापरला जात नाही.

मूळ प्रयोग करणारे लबाड होते का? अजिबात नाही. पहिला प्रयोग छोटा असतो आणि छोट्या प्रयोगात नशीबही खेळतं. तरी त्यापलीकडे एक गोष्ट आहे, आणि ती समजायला आंब्यासारखी दुसरी वस्तू नाही.

साक्याचा आंबा बाहेरून ओळखायचा कसा?

हापूसवाल्यांचं जुनं दुखणं म्हणजे साका. वरून फळ देखणं, साल सोनेरी, वास घमघमणारा, आणि सुरी घातली की बाठ्याजवळ फिकट, स्पंजासारखा, आंबूस गर. कापल्याशिवाय खात्री नाही. मेंदूचंही असंच. पूर्वी अल्झायमरची पक्की खात्री माणूस गेल्यावर मेंदू तपासूनच व्हायची. म्हणून तर न कापता कळण्याची एवढी ओढ.

आता समजा, कुणी म्हणालं की देठाशी वास घेऊन मी साका ओळखतो. त्याने परीक्षा कशी घेतली? एका बाजूला पूर्ण नासलेले दहा आंबे ठेवले, दुसऱ्या बाजूला पेटीतले निवडक दहा, आणि वासाने दोन्ही बिनचूक वेगळे केले. वाहवा! पण नासलेला आंबा आंधळासुद्धा ओळखतो. खरी परीक्षा मधल्या आंब्यांची, ज्यांच्याबद्दल बागायतदारालाही शंका आहे. बाहुलीच्या अनेक अभ्यासांत असंच होतं. एकीकडे आजार बराच पुढे गेलेले रुग्ण, दुसरीकडे ठणठणीत, दुसरा कुठलाही आजार नसलेले स्वयंसेवक. डॉक्टरांकडे येतो तो मात्र मधला माणूस: थोडं विसरतो, थोडी साखर आहे, झोप लागत नाही, बायको गेल्यापासून गप्प असतो.

आणखी एक खोड. सगळे आंबे कापून झाल्यावर 'बघा, अमुक वजनाच्या वरचे सगळे साक्याचे निघाले' असं म्हणणं फार सोपं. तीच रेघ पुढच्या पेटीला, दुसऱ्याच्या बागेतल्या आंब्याला लागू पडते का, ते बघायला हवं. निकाल बघून ओढलेली रेघ पुढच्या वेळी बहुधा हुकते. आणि वास घेणाऱ्याला कुठला आंबा कुठल्या ढिगातला हे आधीच ठाऊक असेल, तर त्या परीक्षेला काही अर्थच उरत नाही.

म्हणून बाहुलीच्या तपासणीची बातमी आली की मी तीन गोष्टी शोधतो. माणसं कोणत्या प्रकारची घेतली? रेघ आधी ठरवली होती की नंतर? आणि दुसऱ्या कुणी, दुसऱ्या गावात, तेच करून पाहिलं का? तिसरं उत्तर बहुतेक वेळा सापडत नाही.

'नव्वद टक्के अचूक' म्हणजे किती अचूक?

इथे दोन वेगळे आकडे असतात आणि बातमीत ते एकत्र कालवले जातात. आजारी माणसांपैकी किती जणांना तपासणी पकडते, तो एक. निरोगी माणसांपैकी किती जणांना ती बरोबर सोडून देते, तो दुसरा. जाळ्याच्या आसासारखं, म्हणजे त्याच्या भोकांच्या मापासारखं हे आहे. आस बारीक केला की एकही मासा सुटत नाही, पण नको ती पिल्लंही अडकतात. आस मोठा केला की पिल्लं सुटतात, सोबत काही कामाचे मासेही निसटतात. दोन्ही एकदम साधत नाही.

आपण उदार होऊन दोन्ही आकडे नव्वद टक्के धरू. बाहुलीच्या तपासणीला हे जरा जास्तच झालं, पण हिशोबापुरतं धरू. देशभरातल्या वृद्धांच्या एका मोठ्या पाहणीचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार साठीच्या पुढच्या भारतीयांपैकी साधारण ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. आता तालुक्यातल्या साठीपुढच्या १,००० माणसांची तपासणी केली असं समजा. त्यांत ७४ जणांना आजार असेल. तपासणी त्यातल्या ६७ जणांना पकडेल, सातजण निसटतील. उरलेल्या ९२६ निरोगी माणसांपैकी दहा टक्के, म्हणजे ९३ जणांना ती उगाच 'आजारी' ठरवेल.

एकूण १६० जणांच्या हातात 'दोष आढळला' अशी चिठ्ठी पडेल. त्यांतल्या ९३ जणांना काहीही झालेलं नाही! म्हणजे चिठ्ठी मिळालेल्या शंभरांतल्या फक्त ४२ जणांना खरा आजार.

हीच तपासणी मेंदूविकारतज्ज्ञाकडे आलेल्या, आधीच निम्म्यांना आजार असलेल्या हजार लोकांवर केली तर? तिथे ४५० बरोबर आणि ५० चूक. यंत्र तेच, बाहुली तीच, पण चिठ्ठीवरचा भरवसा ४२ वरून थेट ९० टक्क्यांवर. एखादी तपासणी 'किती अचूक' हा प्रश्न अर्धाच असतो. कुणावर केली, हे त्याचं दुसरं अर्धं.

पण अपघात झाला की डॉक्टर बॅटरी मारतातच ना?

हो, आणि बरोबर करतात. डोक्याला मार लागून आत सूज आली की बाहुली आवळणारी नस दबते, आणि एका डोळ्याची बाहुली मोठी होऊन उजेडाला हलायची थांबते. तिथे फरक डोळ्याने सहज दिसतो आणि कारण थेट त्या फेरीतच असतं. स्मृतिभ्रंशात शोधायचा फरक मिलिमीटरच्या छोट्याशा अंशात आणि सेकंदाच्या तुकड्यांत असतो. त्यासाठी ठरावीक उजेडाची खोली, अवरक्त कॅमेरा आणि मोजमापाचं यंत्र लागतं. समईच्या उजेडात, गुरुजींच्या पाठीमागे उभं राहून मोबाइलने ते होत नाही.

बाहुलीने बुद्धीच्या ऱ्हासाची खबर दिल्याचं एक जुनं उदाहरण मात्र आहे. डग्लस आर्गाइल रॉबर्टसन या स्कॉटिश डॉक्टरने १८६९ च्या सुमारास एक विचित्र बाहुली वर्णन केली: जवळचं बघताना आवळते, पण उजेडाला ढिम्म हलत नाही. पुढे कळलं की ती मेंदूत शिरलेल्या उपदंशाची, म्हणजे सिफिलिसची, खूण आहे, आणि त्या आजारात माणसाची बुद्धीही जायची. खूण ठळक होती, आजार एक होता. अल्झायमरला तशी ठळक बाहुली अजून सापडलेली नाही.

आपल्याकडचे डोळे

बाहुली मेंदूचं बोलते हे खरं, पण ती इतर शंभर गोष्टींचंही तेवढ्याच मोठ्याने बोलते. वय वाढलं की ती आपसूक लहान होते. जुन्या मधुमेहात तिच्या नसा सुस्तावतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बुबुळाला धक्का लागला असेल तर ती नीट हलत नाही. काचबिंदूचे काही थेंब तिला आवळून ठेवतात. प्रोस्टेटसाठी घेतल्या जाणाऱ्या टॅमसुलोसिनसारख्या गोळीने बुबुळ ढिलं पडतं. मोतीबिंदूचे सर्जन म्हणूनच ऑपरेशनआधी तिची चौकशी करतात. नैराश्यावरच्या काही गोळ्या, सर्दीची काही औषधं, अफूपासून बनलेली वेदनाशामकं, सगळी बाहुलीवर हात फिरवतात. आणि डोनेपेझिल सुरू असेल तर ज्या रसायनाचा तुटवडा शोधायचा तेच आपण भरून काढलेलं असतं.

आमच्या वाडीतल्या सत्तरीपुढच्या माणसांची यादी केली, तर यातलं एकही लागू नाही असा माणूस शोधावा लागेल.

तरी करून बघायला काय जातं?

हा प्रश्न त्या रात्री काकूनेच विचारला. थेंब नाही, सुई नाही, खर्च नाही. जातं काय?

माझ्या मते दोन्हीकडून जातं. खोटी भीती बसली की म्हाताऱ्याच्या हातातून आधी बँकेचं पासबुक जातं, मग बाजारहाट, मग एकट्याने बाहेर पडणं. पण त्याहून वाईट म्हणजे खोटा धीर. बाहुली छान हलली, म्हणजे काही नाही, चला. आणि विसरण्याचं बरं होण्यासारखं कारण तसंच राहून जातं. बी-१२ कमी पडणं, थायरॉइड मंदावणं, नैराश्य, कानाने ऐकू न येणं, झोपेच्या गोळ्या, महिन्यापूर्वी न्हाणीत पडल्यावर डोक्यात हळूहळू साठत गेलेलं रक्त. यातलं एकही कारण बॅटरी सांगणार नाही, आणि यातल्या बहुतेकांवर इलाज आहे.

मग हा रस्ता बंद झाला का?

नाही. आणि 'सगळी थापाथापी' म्हणणाऱ्यांचं इथे चुकतं.

सान दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हजाराहून जास्त पुरुष होते, वय साधारण ५६ ते ६६. त्यांना आकड्यांच्या ओळी ऐकवून परत म्हणायला लावल्या आणि बाहुली मोजली. त्यांतल्या, स्मृती शाबूत असलेल्या सुमारे निम्म्या जणांकडे पाहिलं, तेव्हा ज्यांच्या जनुकांत अल्झायमरचा धोका जास्त, त्यांची बाहुली लांब ओळ म्हणताना जास्त उघडत होती. उत्तर दोघांचंही बरोबर, पण तेच ओझं उचलायला एकाला जास्त जोर लावावा लागतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. हे गटांबद्दल सांगणं झालं. एका माणसाचं भविष्य सांगणं नव्हे, आणि त्या संशोधकांचा तसा दावाही नाही.

दुसरी वाट निळ्या उजेडाची. डोळ्याच्या पडद्यात थोड्या पेशी अशा आहेत, की त्या बघण्याचं काम जवळजवळ करतच नाहीत. उजेड आहे की अंधार एवढंच मेंदूला कळवतात आणि झोपेचं घड्याळ लावतात. निळा दिवा विझल्यावरही बाहुली थोडा वेळ आवळलेली राहते, ती यांच्यामुळे. अल्झायमरने गेलेल्या लोकांच्या डोळ्यांत या पेशी कमी झालेल्या दिसल्या, असं इटलीतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलं. या आजारात झोप का बिघडते, तेही त्यातून थोडं उमगतं.

मला स्वतःला या संशोधनाबद्दल आस्था आहे, त्याचं कारण वेगळं आहे. स्मृतीच्या आजच्या बहुतेक चाचण्या शाळा शिकलेल्यांसाठी बनल्या आहेत. घड्याळ काढा, शंभरातून सात वजा करत जा, हे वाक्य लिहा. माझी आजी आयुष्यात पेन न धरता शेकड्याने नारळ मोजायची आणि वाडीतल्या चार पिढ्यांची नाती तोंडपाठ सांगायची. तिला घड्याळ काढायला दिलं असतं तर ती कागदावरच नापास झाली असती. बाहुलीला अक्षरओळख लागत नाही. म्हणून ही तपासणी कधी पक्की झालीच, तर तिचा सगळ्यांत जास्त उपयोग अशा बायकांना होईल. फक्त त्यासाठी ती आधी अशाच बायकांवर तपासून घ्यायला हवी.

दरम्यान रक्ताच्या तपासण्या पुढे निघून गेल्या आहेत. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अल्झायमरच्या निदानाला मदत करणाऱ्या पहिल्या रक्ततपासणीला परवानगी दिली. तीसुद्धा विसरण्याची लक्षणं असलेल्या, तज्ज्ञाकडे आलेल्या माणसांसाठी. गावजेवणाला आलेल्या सगळ्यांसाठी नाही. वरचा १६० चिठ्ठ्यांचा हिशोब तिलाही चुकत नाही.

काकांचं काय झालं

मेंदूविकारतज्ज्ञ गाठायला आमच्याकडचे बरेच जण गोव्यातलं बांबोळी किंवा कोल्हापूर धरतात. काकूला मी एकच काम सांगितलं होतं: पंधरा दिवस वहीत लिहून ठेव. काय विसरले, कधीपासून, त्याने काय अडलं. तिने लिहिलं. गाडीची वेळ तीनदा विचारली. मच्छीवालीला पैसे दोनदा दिले. बागेतल्या कलमांची नावं मात्र सगळी बरोबर. टीव्ही फार मोठ्याने. रात्री झोपेची अर्धी गोळी, कधी अख्खी. पेपर वाचणं सोडलं.

डॉक्टरांनी वही वाचायला बराच वेळ घेतला. मग काकांशी गप्पा मारल्या, काही प्रश्न विचारले, रक्त तपासायला सांगितलं, झोपेची गोळी हळूहळू कमी करायची कशी ते लिहून दिलं, कान दाखवायला सांगितलं आणि तीन महिन्यांनी परत बोलावलं. निदान त्या दिवशी झालं नाही. शेवटी त्यांनी खिशातली बॅटरी काढून दोन्ही डोळ्यांत मारली आणि म्हणाले, "उजव्या डोळ्यात मोतीबिंदू चांगलाच पिकलाय. पेपर का सोडला ते कळलं. आधी हा काढून घ्या." न सुधारलेली अधू नजर हेही स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या १४ कारणांपैकी एक आहे, असं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये म्हटलंय.

परतीच्या वाटेवर काका बराच वेळ गप्प होते. फोंडा घाट उतरल्यावर म्हणाले, "त्या पोराक सांग, बॅटरी अगदीच फुकट गेली नाय."